निदान बदलायलंय म्हणून खचू नका ताई

ताई, तुमच्या माणसाच्या मनाच्या आजाराला परभणीच्या डॉक्टरांनी एक नाव दिलं, संभाजीनगरला दुसरं, डोकं फिरणारच. माझ्या धाकट्या भावाचं बी असंच झालतं, आधी गांजामुळं म्हणले, मग डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया (भास होतेत, खोटे संशय येतेत असा मनाचा आजार) हे नाव यायला वर्ष गेलं. दरवेळी डॉक्टर चुकतेत असं नसतंय, त्रासाची चिन्हं कमीत कमी महिनाभर, काही नियमांप्रमाणं ६ महिने, टिकल्याशिवाय ते नाव सहसा देत नाहीत, अन् सोबत नशा, उदासी, फिट असलं की काय कशामुळं होतंय तेच कळत नाही.

सध्या एवढंच करा:

- गांजा-दारू लपवू नका. आम्ही लाजंपायी लपवलं अन् तिथंच वेळ गेला. नशा सुटून महिना झाला तरी भास राहिले तर डॉक्टर वेगळा विचार करतेत.
- वही ठेवा. आधी काय आलं, उदासी का कोणी नसताना ऐकू येणारे आवाज? मूड ठीक असताना बी आवाज येतेत का? तारखेसकट लिहा, यावरच लई काही ठरतंय.
- थायरॉईड, बी-१२ ची तपासणी झाली का विचारा.

देवऋषाकडं जायचं म्हणून गोळ्या बंद करू नका अन् दर महिन्याला डॉक्टर बदलू नका. जीव द्यायचं बोलला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा, टेली-मानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतेत. औषधांची नावं, डोस आत्ता वाचत बसू नका. वही आजच सुरू करा.