फुशिमी इनारीत कमानींपलीकडे शेतीचं काही दिसतं का?

तुमचा प्रश्न असा, की जपानमधल्या क्योतोचं फुशिमी इनारी देऊळ भाताच्या देवाचं म्हणतात, मग फोटोंत नुसत्या शेंदरी कमानीच का, आणि तिथे वेळ किती काढावा.

शेती आहे, पण कमानींच्या गर्दीत नजरेतून सुटते. त्या कमानी, म्हणजे तोरी, बहुतेक व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी दिलेल्या. वर चढून गेल्यावर वळून पाहिलंत तर देणगीदारांची नावं दिसतील. इनारी मूळचा धान्याचा देव. धंद्याची बरकत त्याच्याकडे पुढे आली. ज्या देशात एकेकाळी सामुराईंचा पगार तांदळात मोजत, तिथे हे व्हायचंच.

स्थापना इ. स. 711 ची मानतात. हाता घराण्यातल्या एका धनिकाने मोचीवर, म्हणजे कुटलेल्या तांदळाच्या गोळ्यावर, बाण मारला, त्या गोळ्याचा पांढरा पक्षी झाला, तो डोंगरावर जाऊन बसला आणि तिथे भात उगवला, अशी कथा आहे. अन्नाशी असा खेळ केल्याचा पश्चात्ताप म्हणे त्याच्या वंशजांना झाला! आपल्या आज्यांना हे लगेच पटेल.

कोल्ह्यांच्या मूर्तींसमोर घाईघाईत सेल्फी काढू नका, त्यांच्या तोंडात काय आहे ते बघा. कुठे भाताची लोंबी, कुठे कोठाराची किल्ली. कोल्हा देव नव्हे, देवाचा दूत.

खरी गोष्ट मात्र देवळाच्या आवारातलं भातखाचर. 12 एप्रिलला पेरणीचा विधी, 10 जूनला पारंपरिक वेशात लावणी, 25 ऑक्टोबरला कापणी. हा तांदूळ 23 नोव्हेंबरला देवाला चढतो. त्याआधी 8 नोव्हेंबरच्या अग्निविधीत पेंढाही जाळतात. तारखा हातात असतील तर मी जूनचीच निवडेन, पावसाळी हवेसकट.

एरवी पहाटे जा. प्रवेश फुकट आहे, रात्रीही बंद नसतं. क्योतोहून नारा लाइनच्या लोकलने दुसरं स्टेशन इनारी, समोरच दार. डोंगर 233 मीटरचा, पूर्ण फेरीला दोन-तीन तास धरा. गुडघे कुरकुरत असतील तर योत्सुत्सुजीच्या चौकातूनच परता. शहर तिथून छान दिसतं, आणि माझ्या मते त्यापुढे नवीन फारसं नाही.

खाली इनारीझुशी मिळते, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, ती पिशवी बऱ्याचदा माशाच्या अर्कात शिजवलेली असते.