‘नोकरी सोडू का?’ असं विचारणारी आई

“मॅडम, नोकरी सोडू का, एवढंच सांगा.” खुर्चीत बसताबसता ती हे बोलली. बाळ पाच महिन्यांचं, कामावर परत रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या किती जणींनी मला हाच प्रश्न विचारलाय! त्यामागचं वाक्यही बहुतेक वेळा तेच असतं : “मी पूर्वीसारखी राहिलेच नाही.”

हे कशावरून, असं मी विचारलं. रजेवर जाण्याआधी तिनं दीड वर्ष राबून एक प्रोजेक्ट उभा केला होता. परतल्यावर तो सहकाऱ्याकडेच राहिला. का, ते कुणी सांगितलं नाही. मीटिंगची बोलावणीही बंद झाली. दूध काढायला सामानाची खोली मिळाली, पण तिच्या दाराला कडी नव्हती. ती दाराला पाठ लावून पंप धरायची. कुणी ढकललं की दचकायची. मग तिनं दुपारची वेळ गाळायला सुरुवात केली. छातीत गाठी झाल्या, एकदा ताप आला आणि पुढे दूधच कमी झालं. “कामातही कमी पडतेय आणि आई म्हणूनही,” असं म्हणून ती रडली.

आधी मी झोपेची, भुकेची, मनात येणाऱ्या विचारांची चौकशी केली. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक आठवड्यांत उगाच रडू येणं बहुतेकींना होतं. पण उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपलेलं असतानाही डोळा लागेना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अंदाज घेणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्नही तिच्याकडून भरून घेतले. त्यात नैराश्याची लक्षणं दिसली नाहीत.

दुधाचं कोडं मात्र तिथेच सुटलं. दूध जितकं काढलं जातं तितकं शरीर बनवतं. वेळ चुकत गेली की ते साचतं, सूज येते, आणि हळूहळू शरीर कमी बनवू लागतं. म्हणजे उणीव तिच्यात नव्हती, त्या दाराला नसलेल्या कडीत होती. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

“प्रोजेक्ट का काढला, हे साहेबांना विचारलंत?” “नाही. काय तोंडानं विचारू?”

सवलत मागतोय असं तिला वाटत होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार मी तिला दाखवला. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. पण त्यात किमान १४ आठवड्यांच्या रजेसोबत, रजेनंतर त्याच किंवा तेवढ्याच पगाराच्या तशाच पदावर परतण्याचा हक्क आहे. बाळाला पाजण्यासाठी घेतलेला वेळ कामाचाच धरून त्याचा पगार द्यावा, असंही आहे. मग आम्ही दोघींनी मिळून अर्धा पान मजकूर लिहिला : दाराला कडी, दिवसातून दोन ठरलेल्या वेळा आणि प्रोजेक्टबद्दल सरळ प्रश्न.

साहेब म्हणाले, “अहो, तुम्हाला त्रास नको म्हणूनच तर काढला!” माणूस मनापासून बोलत होता. पण मला इथे राग येतो. गरोदर बाईचा दौरा परस्पर रद्द होतो, नव्या आईचं मोठं काम परस्पर दुसऱ्याकडे जातं, आणि त्याला काळजी म्हणतात. वरिष्ठांनो, आधी तिला विचारा : आत्ता काय जमेल, काय नको? आणि महिनाभरानं पुन्हा विचारा, कारण या काळात उत्तर भराभर बदलतं. एखादीला खरंच हलकं काम हवं असतं. तेही तिच्याच तोंडून कळू द्या.

दुसऱ्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. बाळाच्या लसीसाठी त्यानं एकदाही रजा मागितली नव्हती. “आमच्याकडे बाप लोक मागत नाहीत,” म्हणाला. पुढची लस त्यानं स्वतःकडे घेतली.

दोन महिन्यांनी ती आली तेव्हा प्रोजेक्टचा निम्मा भाग तिच्याकडे होता. उरलेला सध्या नको, असं तिनंच सांगितलं होतं. त्या खोलीला कडी लागली होती, आणि तिच्याच ऑफिसातली एक सात महिन्यांची गरोदर मुलगी ती खोली आधीच बघून गेली होती.