जुन्या अँबेसेडरच्या स्पीडोमीटरचा काटा सारखा नाचतो. अख्खं मीटर बदलावं का?

नका बदलू. निदान आत्ताच तरी नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९७२ची मार्क टू आहे, गाडी तीसच्या वेगात असली की काटा वीस ते पन्नास असे हेलकावे खातो, वेग वाढला की जरा शांत होतो आणि डॅशबोर्डामागून टिकटिक येते. ही सगळी लक्षणं केबलची आहेत. लातूरच्या ज्या मिस्त्रीनं ‘मीटर गेलंय, दुसरं आणा’ म्हणून सांगितलं, त्याला गाडीखाली शिरायचा कंटाळा आला असणार.

मी परभणीचा. माझ्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०२१च्या सरकारी नियमानुसार विंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात, म्हणजे तुमची गाडी विंटेजमध्ये बसू शकते आणि माझी नुसतीच म्हातारी. पण दोन्हींच्या मीटरचं पोट सारखंच. माझाही काटा असाच नाचत होता आणि मी शहाणपणा करून थेट मीटर खोललं. काट्याला बोट लावून ‘मोकळा आहे का’ बघितलं, तर काट्यामागची केसाएवढी स्प्रिंग वाकली. त्यानंतर गाडी दारात उभी असतानाही काटा वीसवर. शेवटी एका घड्याळजीकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं स्प्रिंग सरळ केली आणि विचारलं, “हे उघडायला कोणी सांगितलं होतं?” घरी येऊन मीटर बसवलं, चक्कर मारली, काटा पुन्हा नाचतोय. मग आमच्या गल्लीच्या तोंडावर गॅरेज असलेले चाचा म्हणाले, “मीटर कू हात नक्को लगाओ, पैले केबल देखो.” हे त्यांनी आठ दिवस आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी विचारलंच नव्हतं.

आत काय चालतं ते एकदा समजलं की निम्मं काम होतं. गिअरबॉक्सच्या शेपटाला एक छोटी पिनियन, म्हणजे दातेरी चाक, असते, ती केबलची आतली तार फिरवते आणि तारेचं वरचं टोक मीटरमधला चुंबक फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत वीज खेळते आणि वाटी त्याच्या मागं ओढली जाते. ती बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. ओढ आणि स्प्रिंग जिथं जुळतात तिथं काटा थांबतो. ओटो शुल्झं नावाच्या जर्मन माणसानं १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि तुमच्या गाडीत आजही तेच आहे. आता तार कोरडी पडली की ती बाहेरच्या नळीत अडकते, दोरीसारखा पीळ खाते आणि एकदम सुटते. चुंबक धक्क्याधक्क्यानं फिरतो, काटा बिचारा खरंच सांगत असतो.

म्हणून आधी बॅटरीची वायर सोडवा, मीटरमागची चकरी हातानंच फिरवून केबल मोकळी करा आणि आतली तार वरूनच ओढून काढा. गाडी उन्हात उभी राहत असेल तर जुनं ग्रीस वाळलेल्या काकवीसारखं निघेल, वर आपल्याकडची काळी धूळ. रॉकेलमध्ये तार धुवा, नळीतही रॉकेल सोडा आणि दोन्ही पूर्ण वाळू द्या. मग तारेची दोन्ही टोकं दोन हातांत धरून तिला यू आकारात लोंबकळू द्या आणि एक टोक चिमटीत हळूहळू फिरवा. तार गुमान फिरली तर चांगली. मध्येच उडी मारली तर ती कुठंतरी मुरगळलेली आहे. अशी तार सरळ करत बसू नका, नवी आणा. चौकोनी टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तरीही नवीच.

ग्रीस लावताना माझी दुसरी चूक करू नका. मी भरपूर थापलं. तारेचा पीळ मळसूत्रासारखा असतो, फिरता फिरता तो ग्रीस वर चढवतो. ते चुंबक आणि वाटीच्या मध्ये गेलं की दोघं चिकटतात आणि काटा थेट शेवटच्या आकड्याला जाऊन बसतो. खालच्या दोनतृतीयांश भागाला पातळ थर द्या, वरची वीतभर तार कोरडीच ठेवा. तेल तर नकोच. तार काढल्यावर वरचं टोक गिअर ऑइलनं ओलं दिसलं तर पिनियनजवळची ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेली आहे. ती आधी बदला, नाहीतर महिन्याभरात पुन्हा हेच.

बसवताना केबलला मोठी, ऐसपैस वळणं द्या. सहा इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको, विशेषतः मीटरच्या अगदी मागं. तुमची टिकटिक बहुतेक तिथलीच असेल. वरच्या बाजूला तारेचं टोक नळीबाहेर साधारण एक सेंटिमीटर यायला हवं. जास्त आलं तर मीटरच्या दांड्यावर दाब पडतो, कमी आलं तर तार निसटते.

चकरी आवळण्याआधी पुढच्या चाकांना दगडं लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागचं एक चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. वर तार सलग फिरली पाहिजे. अजिबात फिरली नाही तर दोष पिनियनमध्ये.

एवढं करूनही काटा नाचला आणि किलोमीटरचे आकडे मात्र नीट सरकत असले, तरच मीटर घड्याळजीकडे न्या.

काटा शांत झाला की तो खरं बोलतो का तेही बघा. मी गंगाखेड रस्त्याला सकाळी लवकर गेलो, काटा साठवर धरला आणि शेजारी बसलेल्या पोरानं किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमधली वेळ मोजली. साठच्या वेगाला बरोबर ६० सेकंद लागायला हवेत. आम्हाला ६४ लागले, म्हणजे खरा वेग छप्पन्नच्या आसपास. पोरगं म्हणालं, “पप्पा, मोबाईलवर पण दिसतं की हे.”