‘कोर्टात उभा राहत नाही, तो वकील कसला?’

“बाबा म्हणतात, कोर्टात उभा राहत नाही तो वकील कसला? आणि मला तर करार वाचायलाच आवडतात.” गोव्यातल्या साखळीहून सल्ल्यासाठी आलेल्या तरुण वकील मुलीने बोलायला सुरुवात केली ती इथून. डिचोलीच्या कोर्टात सिनियरकडे दोन वर्षं काढलेली. ऊर्जा आणि पायाभूत प्रकल्पांच्या कायद्यात जायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता. कंपनीत गेल्यावर वकिलीची सनद वाया जाईल का? इंजिनिअरिंगचं काही येत नाही, त्याचं काय? तिसरी गोष्ट तिने उठता उठता सांगितली: “उद्या आपल्याच लोकांच्या जमिनीवरून विजेची लाईन नेणाऱ्यांची बाजू घ्यावी लागली तर?”

सनदेचा प्रश्न नियम वाचला की सुटतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. कंपनीच्या कायदा विभागात रुजू होताना महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. ती रद्द होत नाही, नोकरी सोडली की पुन्हा सुरू करून घेता येते. घोळ होतो तो न कळवता दोन्ही चालू ठेवल्याने. न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचारही तिने पूर्ण सोडलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. म्हणून तिला सांगितलं, तिसरं वर्ष पुरं करा, कंपनीचा विचार त्यानंतर.

इंजिनिअरिंगचा बाऊ करू नये. मेगावॉट ही क्षमता आणि मेगावॉट-तास ही प्रत्यक्ष वीज, हा फरक, आणि लाईन, सबस्टेशन, मीटर यांची साखळी एवढं समजलं की सुरुवात होते. विद्युत कायदा, २००३ मध्ये १८५ कलमं आहेत. आधी कलम ७, १४, ४२, ६२, ६३, ८६ आणि १११ नीट वाचावीत. वीज खरेदी करार मात्र पहिल्या पानापासून वाचू नये. आधी पूर्वअटी, मग वीजनिर्मिती सुरू करण्याची तारीख आणि उशिराचा दंड, मग ‘कायद्यातील बदल’ व करार संपुष्टात आणण्याची कलमं, आणि प्रत्येक मुदत वेगळ्या तक्त्यात. दावे बुडतात ते बहुधा नोटीस मुदतीत न दिल्याने. शब्दही जपून वाचावे लागतात. इंडोनेशियाच्या नियमामुळे कोळसा महागला, ही अडचण त्या करारांतल्या ‘कायद्यातील बदल’ किंवा ‘अटळ आपत्ती’ (फोर्स मेजर) यांत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ ला ठरवलं. करारात ‘कायदा’ म्हणजे भारतातला कायदा होता.

तिच्याजवळ जे आधीच होतं, त्याची किंमत तिला माहीत नव्हती. दोन वर्षं ती मामलेदार कचेरीत एक-चौदाचे, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीचे, उतारे काढत होती आणि त्याला ‘ज्युनिअरची पायपीट’ म्हणत होती. गोव्यात प्रकल्पाच्या वकिलाचं खरं काम तिथूनच सुरू होतं. तिला एक अभ्यास दिला: ५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे असं धरा. मेगावॉटला ४ ते ५ एकर, म्हणजे २० ते २५ एकर जमीन. तिचा मालकी अहवाल लिहा.

उताऱ्यावर कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क हे तिन्ही रकाने पाहायचे. उतारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तो खरा आहे असं फक्त गृहीत धरलं जातं. म्हणून पोर्तुगीज काळातली नोंदणी आणि वारसांची इन्व्हेंतारी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे कोर्टाचे कागद, शोधायची. विक्रेता विवाहित असेल तर गोव्याच्या समाईक मालमत्तेच्या पद्धतीत जोडीदार निम्म्याचा मालक. त्याची सही नसेल तर खरेदीखत लंगडं. मुंबई-दिल्लीहून येणारा वकील नेमका इथेच चुकतो. जमीन कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामायिक मालकीची, असेल तर तिची संहिता वेगळी. कूळकायद्याने कुळाची झालेली असेल तर १९९१ चा जमीनवापर कायदा तिथे शेतीखेरीज काही करू देत नाही, मग सौर पॅनेलचा प्रश्नच उरत नाही. आणि शेवटी जमीन रूपांतराची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी. (गोव्यात ‘सनद’ म्हटलं की आधी विचारावं, वकिलीची की जमिनीची!)

पहिल्या मसुद्यात तिने कुळाचा रकाना पाहिला होता, पण मालक विवाहित आहेत की नाहीत हे विचारलंच नव्हतं. अहवाल परत दिला.

आता तिसरी भीती, आणि ही समजूत घालून घालवायची नव्हती, कारण ती खरी आहे. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या वीजवाहिनीवरून गोवा किती ढवळून निघाला, ते तिने कॉलेजात असताना पाहिलं होतं. तिच्यापुढे गोव्यातल्या मोपा विमानतळाचा निकाल ठेवला. विमानतळाला २०१५ मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, कारण अर्जाच्या फॉर्म-१ मध्ये परिसरातल्या राखीव जंगलांसारखी माहिती दिलेलीच नव्हती. स्थगिती उठली १६ जानेवारी २०२० ला. विमानतळ रखडला साडेनऊ महिने. तिला विचारलं, “तो फॉर्म भरताना तिथे तुम्ही असता, तर?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जंगल लिहा, नाहीतर माझं नाव काढा, असं म्हटलं असतं.”

असं म्हणणाऱ्या वकिलाची प्रकल्पालाही गरज असते आणि गावालाही. तरीही काही कामं नाकारावी लागतील, आणि कोणती ते आजच लिहून ठेवावं. पगाराची सवय झाल्यावर ती यादी लिहिणं कठीण जातं. तिच्या यादीत दोन ओळी आल्या. पहिली, खोटी माहिती असलेल्या अर्जावर काम नाही. दुसरी, सत्तरी तालुक्यातली भूसंपादनाची प्रकरणं पहिली ५ वर्षं नाहीत, कारण तिथे तिचं आजोळ आहे.

बाबांना पटवायचं कसं, हे तिने शेवटी विचारलं. मालकी अहवालाचा दुसरा मसुदा त्यांना वाचायला द्या, एवढंच सुचवलं. त्यांनी तो दोन संध्याकाळी वाचला आणि विचारलं, “आपल्या काजूच्या बागायतीचा उतारा असाच पाहशील का?” तिने पाहिला. इतर हक्कांच्या रकान्यात एका मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव होतं. घरात कोणालाच ते माहीत नव्हतं.