वाचकांचे प्रश्न : अॅम्बेसेडरचा गिअर अडकतो, गिअरबॉक्स उतरवावा का?

प्रश्न : आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९८४ सालची अॅम्बेसेडर असून तिच्या गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ आहे. गेल्या पावसाळ्यात ती शेताच्या पांदण रस्त्याने बरीच चालली. तेव्हापासून पहिला व दुसरा गिअर नीट पडतो, मात्र तिसरा घेताना दांडी मध्येच अडकते आणि रिव्हर्स दोन-तीनदा खटपट केल्याशिवाय पडत नाही. गावातील मिस्त्री गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगतात. केवळ लिंकेजच्या (दांडी व गिअरबॉक्स जोडणाऱ्या रॉड-सांध्यांच्या) सेटिंगने काम भागेल काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गिअरबॉक्स इतक्यात उतरवू देऊ नका, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. या रचनेत दांडी आपल्याकडे ओढून किंवा पुढे ढकलून गिअरचे घर निवडले जाते आणि ती वर-खाली केल्यावर त्या घरातील गिअर पडतो. या दोन हालचाली गिअरबॉक्सपर्यंत वेगवेगळ्या जोडांतून पोहोचतात. आपल्या गाडीत पहिल्या-दुसऱ्याचे घर बरोबर सापडते, परंतु उरलेली दोन घरे (तिसऱ्या-चौथ्याचे आणि रिव्हर्सचे) सापडत नाहीत. त्यामुळे घर निवडणाऱ्या जोडाची चाल कमी पडत असावी, असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज पडताळून पाहता येतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना गुटके लावावेत, ती भक्कम घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, घ्यावी (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते) आणि इंजिन बंद ठेवून लिंकेज गिअरबॉक्सच्या टोकाकडून सोडवावे. मग गिअरबॉक्सवरील लिव्हर हाताने हलवून पाहावेत. सर्व गिअर स्पष्ट खटक्यासह पडले, तर गिअरबॉक्सचे आतले काम शाबूत असल्याचे समजावे. हातानेही ते अडकत असतील, तर मिस्त्रींचे म्हणणे खरे आहे.

दोष लिंकेजमध्ये निघाला, तरी लगेच रॉडची लांबी बदलू नये. आपल्याकडची काळी माती सांध्यांतील ग्रीसमध्ये मिसळली, की बुश (सांध्यातील नळीसारखे अस्तर) आणि पिना झिजू लागतात, आणि प्रत्येक सांध्यातील थोडी थोडी ढिलाई एकत्र होऊन दांडीच्या टोकाशी बरीच मोठी होते. झिजलेल्या बुशांवर केलेली सेटिंग टिकत नाही. एक घर सापडू लागते, तर दुसरे हातचे जाते. म्हणून सर्व सांधे डिझेलने धुऊन, प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहून, ढिले बुश व पिना बदलाव्यात आणि नवे ग्रीस भरावे. स्टिअरिंगच्या नळीवरील आधाराचे बुशही विसरू नयेत. इंजिन व गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग दबले असेल, तर तेही बदलणे आवश्यक आहे, कारण दांडी बॉडीला आणि गिअरबॉक्स रबरावर बसवलेला असल्याने रबर दबताच दोघांमधील अंतर बदलते.

एवढे झाल्यावर सेटिंग सोपी असते. गिअरबॉक्स व दांडी दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून लॉक नट ढिला करावा आणि रॉडचे टोक अर्धा-अर्धा फेरा फिरवत, पिन कोणताही जोर न लावता भोकात सरकेपर्यंत लांबी जुळवावी. पिन ठोकून बसवावी लागली, तर सेटिंग चुकली आहे. लॉक नट आवळून नवी स्प्लिट पिन घालावी. त्यानंतर सर्व गिअर टाकून पाहताना, गिअर पूर्ण पडण्याआधीच दांडी कोठे टेकत नाही ना, हे अवश्य पाहावे. अर्धवट पडलेला गिअर चालत्या गाडीत सुटतो.

इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत असतील आणि सुरू करताच खरखर येत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. रिव्हर्सला मात्र सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवणारी रचना) नसल्याने गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबल्यावर क्षणभर थांबूनच तो टाकावा.

प्रश्न : ही दांडी काढून खाली जमिनीवर गिअर बसवून घेणे हिताचे आहे काय?
— तेच वाचक

उत्तर : माझ्या मते नाही. इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाच्या अॅम्बेसेडरमध्ये खालची दांडी आली, ती पाच गिअरच्या वेगळ्या गिअरबॉक्ससह. आपला चार गिअरचा गिअरबॉक्स चांगला असेल, तर त्यासाठी फ्लोअर कापण्यापेक्षा तोच पैसा बुश, पिना आणि माउंटिंगवर खर्च करावा.