तीन एकर वावर विकून अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगचे प्रोफेसर व्हायला जावं का?

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांनाही समजावं म्हणून तुमची गोष्ट थोडक्यात सांगतो. वय २९, दारव्हा तालुक्यातलं गाव, बीए, बीपीएड, एमपीएड, २०२२ ला नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) निघाली पण जेआरएफ (त्याच परीक्षेतून भेटणारी संशोधनाची फेलोशिप) नाही, तालुक्याच्या सिनियर कॉलेजात सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षातून जेमतेम नऊ महिने अन् सरासरी २० हजार हातात. बायको खासगी दवाखान्यात नर्स, तिचे १४ हजार, मुलगी दीड वर्षाची. वडिलांच्या नावानं सहा एकर कोरडवाहू. नागपूरच्या एका कन्सल्टंटनं सांगितलं की अमेरिकेत दोन वर्षांचं ॲथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स करा, मंग तिथंच युनिव्हर्सिटीत शिकवा, वर्षाला ८० हजार डॉलर. एकूण खर्च ६० लाख. त्यातले ३० लाख तीन एकर विकून अन् ३० लाख एका फायनान्स कंपनीकडून, को-अप्लिकंट म्हणून झेडपीत मास्तर असलेले तुमचे मामा. आणि विचारलं की सर, करू का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, या पद्धतीनं करू नका. अमेरिकेला जाऊच नका असं मी म्हणत नाही, तुमची इच्छा खोटी नाही हे मेसेजमधून दिसते. पण हा जो पैशाचा रस्ता तुम्हाला आखून दिला तो चुकीचा आहे, अन् कुठं चुकीचा ते नीट सांगतो कारण कन्सल्टंटनं ते सांगितलेलं दिसत नाही.

पहिली गोष्ट शब्दाचीच आहे. तुम्ही मेसेजमध्ये तीन ठिकाणी ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे कोच असं धरून लिहिलं. तिथं तसं नाही. तिकडं ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे खेळाडूच्या दुखापतीचा माणूस, मैदानावर कोणी पडला की पहिला धावणारा, मान धरायची की नाही, उन्हाचा झटका असंल तं बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने त्याला उभं करायचं, हे सगळं. तो आरोग्यसेवेतला व्यवसाय आहे, तिथल्या डॉक्टरांच्या मेडिकल असोसिएशननं १९९० ला त्याला तशी मान्यता दिली, आणि त्यांची स्वतःची संघटना तं १९५० पासूनची. आपल्याकडं हे काम साधारण स्पोर्ट्स फिजिओथेरपीवाले करतात. तुम्ही आयुष्यभर कबड्डी अन् ॲथलेटिक्स शिकवलं, ते वेगळं. म्हणजे तुम्ही तुमच्याच विषयात पुढं जात नाही आहात, अर्धा विषय बदलून राहिले, आणि तेही ६० लाखात.

याचा थेट परिणाम खिशावर कसा होतो ते पाहा. तिथल्या मान्यताप्राप्त कोर्सला बसायच्या आधी बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, ॲनाटॉमी, फिजिओलॉजी असे विषय झालेले लागतात. तुमचं बीए मराठी-इतिहास-राज्यशास्त्र. एमपीएडला थोडी ॲनाटॉमी झाली असंल पण केमिस्ट्री-फिजिक्स कुठून दाखवणार? म्हणजे आधी ते विषय कुठंतरी पूर्ण करायचे, त्यात सहा महिने-वर्ष अन् वेगळी फी. कन्सल्टंटच्या ६० लाखाच्या कागदात ही ओळ आहे का ते आज विचारा. अन् कोर्सचं नाव नीट वाचा, कारण स्पोर्ट्स सायन्स, किनेसिऑलॉजी, एक्सरसाइज सायन्स अशी जवळची नावं भरपूर आहेत, पण ॲथलेटिक ट्रेनरची सर्टिफिकेशन परीक्षा द्यायला तिथं सीएएटीई या संस्थेची मान्यता असलेलाच कोर्स चालतो. तिथंच चूक झाली तं दोन वर्षं अन् सगळे पैसे गेले अन् परीक्षेलाही बसता येणार नाही.

आता प्रोफेसरकीचं. मास्टर्स झालं की शिकवायला लागलो असं तिथं होत नाही. २०१५ ला तिथल्या संघटनांनी ठरवलं की या व्यवसायाची पहिली डिग्री बॅचलर नाही, मास्टर्स राहील, आणि २०२२ च्या फॉल सेमिस्टरनंतर बॅचलरच्या कोर्सला नवीन पोरं घेणं बंद झालं. म्हणजे तुम्ही ज्याला मोठी डिग्री समजून राहिले ती तिथं नुसती कामाला लागायची डिग्री आहे. बरेच लहान कॉलेज तं मास्टर्स सुरू करायच्या भानगडीतच पडले नाहीत, कोर्सच बंद केला, आणि कोर्स बंद झाला की तिथल्या मास्तरांच्या जागाही गेल्या. जे कोर्स चालू आहेत त्यांना नियमानुसार निदान तीन मुख्य फॅकल्टी ठेवा लागतात, अन् कोर्सच्या डायरेक्टरला डॉक्टरेट लागते, आधी शिकवल्याचा अनुभव लागतो, संशोधन लागते. टेन्युअर म्हणजे आपल्या भाषेत परमनंट, त्या रांगेतल्या जागेला साधारण पीएचडीच पाहतात. क्लिनिकल फॅकल्टी म्हणून दुसऱ्या प्रकारच्या जागा असतात, तिथं आधी काही वर्षं शाळा-कॉलेजच्या टीमसोबत काम केलेला माणूस घेतात, पण त्या करारावरच्या, नूतनीकरणाच्या. करार बऱ्याचदा वर्षातल्या नऊ महिन्यांचाच असते. सीएचबीच्या नऊ महिन्यांना कंटाळून तुम्ही चालले ना, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पगार आपल्यापेक्षा कितीतरी बरा असते हे खरंच, पण ८० हजार डॉलर ही पहिल्या नोकरीची गोष्ट नाही. तिथल्या सरकारच्या श्रम खात्याच्या आकडेवारीत २०२३ ला ॲथलेटिक ट्रेनरचं मधलं वार्षिक वेतन ५८ हजार डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहूनही कमी, अन् त्यात जुने-अनुभवी सगळे आले.

आता वय मोजा. आधीचे विषय अन् अर्ज, तीस. मास्टर्स, बत्तीस. एक वर्ष काम, तेहतीस. पीएचडी चार वर्षं धरली तं सदतीस. मंग टेन्युअरवाली जागा मिळालीच तं तिथं परमनंट करायचा निर्णय बहुतेक सहाव्या वर्षी होते, म्हणजे त्रेचाळीस. तुमची मुलगी तेव्हा दहावीत बसलेली राहील. रस्ता लांब आहे म्हणून वाईट असं नाही, कितीतरी लोक हा रस्ता चालतात आणि चांगले पोचतात, पण कर्ज काही त्रेचाळीसपर्यंत थांबत नाही.

ते कर्जाचं गणित मी मांडून पाहिलं. ३० लाख, व्याज साडेबारा टक्के, अर्धे पहिल्या वर्षी अन् अर्धे दुसऱ्या वर्षी उचलले, कोर्स अधिक सहा महिने हप्ता नाही. तेवढ्यात नुसतं व्याजच साडेसात लाख चढते. म्हणजे हप्ता सुरू होतो साडेसदतीस लाखावर, १० वर्षांसाठी महिन्याला ५५ हजाराच्या जवळ, एकूण परतफेड ६५ लाखाच्या वर. डॉलर ८५ रुपये धरला तं महिन्याला साडेसहाशे डॉलर. नोकरी असंल तं हे जमते, ओढाताणीनं का होईना. पण प्रोफेसर व्हायचं तं मधी चार वर्षं पीएचडी आहे आणि पीएचडीच्या स्टायपेंडमध्ये खोलीभाडं अन् जेवण निघते, साडेसहाशे डॉलरचा हप्ता निघत नाही. म्हणजे पहा, ज्या कर्जानं तुम्ही प्रोफेसर व्हायला चालले तेच कर्ज तुम्हाला पीएचडी करू देणार नाही. तुम्ही हप्त्यासाठी नोकरी धरून बसाल अन् शिकवायचं राहून जाईल. या सगळ्या बेतातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट हीच.

नोकरीचंही व्हिसावर आहे. कोर्सनंतर कामाला १२ महिने मिळतात, त्यात सर्टिफिकेशन अन् राज्याचं लायसन्स काढून कोणीतरी मालक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी उभा राहावा लागते. युनिव्हर्सिटीला त्या व्हिसाच्या लॉटरीची मर्यादा नाही ही जमेची बाजू, हे मान्य. पण सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारनं देशाबाहेरून येणाऱ्या नवीन अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली, म्हणजे एकदा परत यावं लागलं तं पुन्हा बोलावणारा मालक भेटणं किती कठीण ते तुम्हीच समजून घ्या.

आता वावराकडं येतो. मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे पण जमीन विकूच नये असं आंधळेपणानं सांगणार नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता अन् आपल्या बाजारात त्याच्या कितीतरी खाली गेलं, हे तुम्ही घरीच पाहिलं. कोरडवाहू तीन एकरातून काय उरते ते वडिलांना माहीत आहे. विकायला टॅक्सचीही अडचण नाही, गाव शहराच्या हद्दीपासून दूर असलं तं ती शेतजमीन भांडवली मालमत्तेत धरतच नाहीत, नफ्यावर कर नाही. अडचण दुसरी आहे. जमीन आजोबांपासून आलेली असंल तं २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमच्या बहिणीचाही तेवढाच हक्क आहे, तिची सही लागंल आणि तिला न विचारता इसार घेऊन बसू नका. सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे म्हणता, तो आधी उतरवा लागंल. आणि वडील ६१ वर्षांचे, त्यांना पेन्शन नाही, वावर हीच त्यांची पेन्शन. राहिलेले तीन एकर अन् सुनेचे १४ हजार यावर दोन म्हातारे अन् एक लेकरू, तेही सात-आठ वर्षं.

तुम्ही विचारलं की वावर गहाण ठेवून बँकेतून स्वस्त कर्ज का नाही भेटत. कारण २००२ चा जो सरफेसी कायदा आहे, ज्यानं बँक कोर्टात न जाता तारण विकू शकते, तो शेतजमिनीला लागत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. म्हणून तुम्ही फायनान्स कंपनीकडं अन् साडेबारा टक्क्यांकडं गेले. आणि म्हणूनच मामाची सही. मामा पाच वर्षांत रिटायर होतात म्हणता. को-अप्लिकंट म्हणजे साक्षीदार नव्हे भाऊ, कर्ज त्यांचंही आहे, तुमचा हप्ता चुकला तं फोन त्यांना येईल, त्यांच्या ग्रॅच्युइटीच्या पैशावर नजर जाईल, सिबिल त्यांचं खराब होईल. मामांना हे कोणी समजावून सांगितलं का? मला नाही वाटत. मामा प्रेमानं सही करून राहिले, त्यांच्याजवळ पूर्ण हिशेब ठेवून मंगच विचारा.

तुम्ही एक वाक्य लिहिलं की इथं परमनंट व्हायला संस्थेत पैसे मागतात, त्यापेक्षा अमेरिका बरी. राग समजतो. मी स्वतः अशा दोन घरांचे हिशेब पाहिले, पैसे दिले अन् नेमणुकीला मान्यताच आली नाही, पावती नाही, कोणाला मागणार? तेही करू नका, एक रुपया देऊ नका, तो गुन्हाही आहे. पण एक दार बंद आहे म्हणून दुसऱ्या दारात सगळं घर विकून उभं राहायचं हा इलाज नाही.

मंग काय करायचं. मी तुमच्या जागी असतो तं पुढची दोन वर्षं अन् जास्तीत जास्त २ लाख रुपये बाजूला काढून ठेवले असते, त्याच्या वर नाही. पुन्हा नेट द्या, यावेळी जेआरएफसाठी. ओबीसी नॉन-क्रिमिलेयर असाल तं वयात पाच वर्षांची सूट आहे. जेआरएफ निघाली तं महिन्याला ३७ हजार अन् पुढं ४२ हजार, वर घरभाडं, म्हणजे आजच्या सीएचबीच्या दुप्पट अन् तेही बारा महिने, अमरावती विद्यापीठात पीएचडी करता येईल. नागपूरची महाज्योतीही ओबीसी संशोधकांना फेलोशिप देते, जाहिरातीवर नजर ठेवा. पीएचडीचा विषय खेळातल्या दुखापतींवरच घ्या ना, कबड्डीतले घोटे अन् गुडघे, उन्हाळ्यातल्या सरावाचा त्रास. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पोरं चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत भरतीच्या तयारीला धावतात, त्यांच्यासाठी कोणीच काही मोजत नाही. तुम्ही ते करू शकता, तुमच्याजवळ पोरं आहेत, मैदान आहे.

सोबत केंद्रीय विद्यालय, नवोदयच्या शारीरिक शिक्षणाच्या जागा, टीएआयटी अन् पवित्र पोर्टल (राज्यातली शिक्षक भरती), एमपीएससीतून क्रीडा अधिकारी, हे अर्ज सोडू नका. जागा कमी आहेत, चार-चार वर्षं निघत नाहीत, मी गोड बोलणार नाही. पण सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ५७,७०० आहे आणि जागा निघाली तेव्हा ज्याच्याजवळ नेटसोबत पीएचडी अन् छापलेले पेपर आहेत त्याचं नाव वर राहते.

आणि अमेरिका डोक्यातून जातच नसंल तं जायचं दार दुसरं आहे. किनेसिऑलॉजी किंवा एक्सरसाइज सायन्सची पीएचडी, जिथं युनिव्हर्सिटीच फी माफ करते अन् असिस्टंटशिपचे पैसे देते. एमपीएडवर तिथं थेट अर्ज करता येते, बहुतेक तारखा डिसेंबर-जानेवारीत असतात. त्यानं तुम्ही ॲथलेटिक ट्रेनर होणार नाही, पण त्याच इमारतीत, त्याच पोरांना व्यायामाचं शास्त्र शिकवणारे होऊ शकता. मिळणं अवघड आहे, इंग्रजी अन् संशोधन दोन्ही दाखवा लागते, म्हणून तं आधी इथं एक-दोन पेपर. परीक्षा अन् अर्जाला लाख-दीड लाख लागतील, तो खर्च मी आनंदानं मंजूर करीन. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत, त्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अन् वयाची अट असते, म्हणून फार उशीर करू नका. दुसऱ्याच्या पैशानं बोलावलं तं जा, पहिल्या विमानानं जा, मी पेढे घेऊन येईन.

तोवर घरातली दोन कामं करा. पोस्टातून किंवा बँकेतून ४३६ रुपयेवाला जीवन ज्योती विमा दोघांचाही घ्या, अन् ५० लाखाचा साधा टर्म प्लॅन तुमच्या नावानं, आज घरात तुमच्या नावानं काहीच नाही. बायकोच्या पगारातून ३ हजारची आरडी सुरू करा, सीएचबीच्या तीन कोरड्या महिन्यांत तेवढाच आधार होईल.

कन्सल्टंटला दिलेले २५ हजार परत मागा, लेखी मागा. पुढच्या आठवड्यात इसार घ्यायचं ठरलं म्हणता, ते थांबवा, अन् मामांना आजच फोन करून सांगा की सही करायची नाही. नेटचा फॉर्म निघाला की मला कळवा, विषयाचं अन् पीएचडीच्या गाईडचं बसून बोलू.