यवतमाळ ते अमेरिका: लेकरांजवळची सीट

भाऊ, तुमचं नाव अमेरिकेच्या संशयितांच्या सुरक्षा यादीतल्या कोणाशी जुळत असेल, तर घरबसल्या चेक-इन बहुतेकदा होत नाही. काउंटरवर ओळख पटवावी लागते. तोवर लेकरांच्या शेजारच्या सीटा दुसऱ्यांनी घेतलेल्या असतात. म्हणून घरच्या सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि सीटा बुकिंगच्या वेळीच निवडा, थोडे पैसे गेले तरी. नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाकडे 'ट्रिप'मध्ये, म्हणजे अशा प्रवाशांच्या तक्रार निवारण योजनेत, अर्ज करा, फुकट असतो; तिथून मिळालेला रिड्रेस नंबर (तक्रार निवारणाचा क्रमांक) पुढच्या प्रत्येक बुकिंगमध्ये टाका. एजंट हे सांगत नाही बापा! नागपूर विमानतळावर लवकर पोहोचा आणि काउंटरवर आधी लेकरांची वयं सांगा.